बुंध्याला अळंबी आली, आता आंबा तोडायचा का?

पत्र थोडक्यात असं: डिचोली तालुक्यातल्या एका गावातून एका गृहिणीने लिहिलं आहे. घराच्या पश्चिमेला, सासऱ्यांच्या आजोबांनी लावलेला मानकुराद आंबा आहे. बुंधा दोघांच्या कवेत मावत नाही. यंदा आषाढात बुंध्याच्या तळाशी, घराच्या विरुद्ध बाजूला, वीतभर उंचीवर चार तपकिरी अळंबी उगवली. वरून व्हार्निश मारल्यासारखी चकचकीत, कडेला पांढरी किनार, आणि भोवती सगळीकडे कोकोसारखी बारीक पूड. दोन वर्षांपूर्वी मोडलेल्या फांदीच्या खुंटावर छोटी, पांढरी, पंख्यासारखी अळंबी आहेत. सालीवर राखाडी-हिरवट डागही पसरलेत. तरी पानं हिरवीगार, आंबेही यंदा लागले. पणजीला राहणारे दीर म्हणतात, 'आतून कुजलाय, चतुर्थीआधी तोडून मोकळे होऊ.' शेजारी म्हणतात, 'आमच्या कौलांवर पडला तर भरपाई तुमची.' सासऱ्यांनी देवळात प्रसाद लावला, म्हणजे मूर्तीला पाकळ्या लावून देवाला विचारलं, उजवा कौल, म्हणजे होकार, मिळाला, त्यामुळे ते झाडाला हात लावू देत नाहीत. नवरा बोटीवर. या बाई विचारतात: बुरशी मारायला काय फवारू? कुणी रॉकेल ओता म्हणतं, कुणी पोकळीत सिमेंट भरा म्हणतं. तोडायचाच असेल तर सासऱ्यांना कसं सांगू? धाकटा मुलगा विचारतो, ही भाजीची अळमी आहेत का? पत्रात जाता जाता आलेल्या दोन गोष्टी: पाच वर्षांपूर्वी अंगणात पेव्हर घातले तेव्हा आंब्याभोवती चिऱ्यांचा पार बांधून घेतला होता. आणि सासऱ्यांची खोली आंब्याच्याच बाजूला आहे.

ताई,

आधी एक काम करा, उरलेलं पत्र मग वाचा. सासऱ्यांची खाट आज रात्रीपासून घराच्या दुसऱ्या अंगाच्या खोलीत हलवा. कारण विचारलंच तर भिंतीला ओल आली आहे म्हणा. श्रावणात गोव्यातल्या जुन्या घरात हे खोटं ठरण्याची शक्यता फार कमी. झाड उद्या पडेल असं मी म्हणत नाही. पण आपण पुढचे दोन-तीन आठवडे शांतपणे विचार करणार आहोत, आणि डोक्यावर टांगती तलवार ठेवून शांत विचार होत नाही.

आता तुमच्या पत्रातला 'बुरशी' हा शब्द. त्या एका शब्दात तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी गुंडाळल्या आहेत, आणि घरात भांडण चाललंय ते त्या गाठोड्यावरून. ते आधी सोडवू.

सालीवरचे राखाडी-हिरवट डाग विसरून जा. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार. मसाल्यात घालतो ते दगडफूल त्याच घराण्यातलं. ते सालीवर बसतात, सालीत शिरत नाहीत. खरवडू नका, चुना फासू नका. गोव्याच्या दमट हवेत निम्म्या झाडांवर ते असतात.

मोडक्या फांदीच्या खुंटावरची पांढरी पंख्यासारखी अळंबी बहुधा स्किझोफायलम. एक तोडून उलटी करा आणि भिंगातून, नाहीतर मोबाईलचा कॅमेरा जवळ नेऊन बघा. खालच्या पडद्यांची प्रत्येक कड मधोमध चिरल्यासारखी दिसेल. ऊन पडलं की ती आक्रसून मिटतात, सर आली की पुन्हा उलगडतात. ही मेलेल्या लाकडावर जगणारी. खुंट मेला होता म्हणून ती आली, तिच्यामुळे खुंट मेला नाही. फांदी मोडली तेव्हा तो खुंट बुडाशी नीट कापला असता तर ती दिसलीही नसती. ते काम अजून करता येईल, त्यावर पुढे येते.

तिसरी गोष्ट मात्र खरी. तळाशी आलेली ती चार चकचकीत अळंबी. तुमच्या वर्णनावरून ती गॅनोडर्मा या कुळातली दिसतात. नेमकी जात सांगायला सूक्ष्मदर्शक लागतो, पण कूळ ओळखायला तुमचे डोळे आणि नख पुरे. खालची बाजू पांढरी आहे का बघा. तिथे पडदे नसतात, सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रं असतात. त्या पांढऱ्यावर नखाने हलकी रेघ ओढा. ताज्या अळंब्यावर रेघ तपकिरी उमटते आणि तशीच राहते. मुलाला त्यावर स्वतःचं नाव लिहू द्या, त्याला मजा वाटेल. मग ती कोकोसारखी पूड. त्या अळंब्याची ती बीजंच समजा. छिद्रांतून खाली पडतात आणि वाऱ्याच्या झोतावर पुन्हा वर येऊन त्याच अळंब्याच्या पाठीवर बसतात. म्हणून ती पाठ नेहमी धुळकट दिसते, बोट फिरवलं की खालचं व्हार्निश चमकतं.

आता तुमचा पहिला समज. 'यंदा आषाढात बुरशी आली' असं तुम्ही लिहिलंय. यंदा आलं ते फळ. आपल्याला दिसतं ते अळंबं म्हणजे त्या जिवाचा आंबा, झाड नव्हे. त्याचं खरं अंग म्हणजे लाकडाच्या आत पसरलेले पांढरे, केसांहून बारीक धागे. आत पुरेसं लाकूड खाऊन झाल्याशिवाय ते बाहेर फळ धरत नाही, आणि त्याला वर्षं लागतात. म्हणून फवारणीचा प्रश्न निकालात निघतो. सालीवर मारलेलं कुठलंही औषध वीतभर आतल्या लाकडात पोचत नाही. अळंबी खरवडून टाकलीत तर आंबे उतरवून आंब्याचं झाड मेलं असं समजण्यासारखं होईल. रॉकेलने बुरशी मरत नाही, उरलेली चांगली मुळं मात्र मरतात.

सिमेंटचं मी अनुभवाने सांगते. आमच्या फोंड्याकडच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, एका जुन्या जांभळाच्या पोकळीत वडिलांनी गवंड्याकडून सिमेंट भरून घेतलं. तेव्हा तोच शहाणपणा समजला जायचा. जांभूळ वाऱ्यात हलायचं, सिमेंट हलायचं नाही. दोघांच्या मधे फट पडली, तीत पावसाचं पाणी साचलं, आणि आत जे सावकाश चाललं होतं ते जोरात सुरू झालं. शेवटी झाड कापलं तेव्हा करवतीची दोन पाती त्या सिमेंटवर गेली. वडील त्यानंतर बराच काळ त्या जागेकडे बघायचे नाहीत.

जखमेचं म्हणाल तर झाड आपल्या कातडीसारखी जखम भरून काढत नाही. अमेरिकेच्या वन सेवेतले ॲलेक्स शिगो यांनी हजारो बुंधे उभे-आडवे चिरून हे दाखवून दिलं: झाड कुजलेल्या भागाला आतून कुंपण घालतं आणि त्याच्या बाहेर नवं लाकूड वाढवत जातं. कूज आत, जगणं बाहेर. त्यामुळे पोकळ झाडही उभं राहू शकतं. पोकळ नळा भरीव दांड्याच्या मानाने फारसा दुबळा नसतो. जर्मनीचे क्लाउस मॅथेक यांचा ठोकताळा असा की शाबूत लाकडाची भिंत बुंध्याच्या त्रिज्येच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी असावी. तुमच्या आंब्याचा व्यास मीटरभर धरला तर पंधरा-सोळा सेंटिमीटर. त्यावर वादही आहेत, पण अंदाजाला बरा.

आमच्या कुळागरात एक फणस होता. त्याच्या बुंध्यावर, पुरुषभर उंचीवर, घोड्याच्या टापेसारखं एक लाकडी, तडकलेलं, गडद तपकिरी अळंबं होतं. आजी त्याला फणसोंबा म्हणायची. त्याचा तुकडा सहाणेवर पाण्यात उगाळायचा आणि लाळ गळणाऱ्या तान्ह्या बाळाच्या हिरड्यांना लावायचा, हा तिचा नेम. वैद्यबुवा वर्षातून एकदा येऊन तुकडा तासून न्यायचे. (तुम्ही तुमचं अळंबं उगाळू नका. ते वेगळं आहे, आणि सहाणेवरची वैद्यकी पत्रातून शिकवायची नसते.) सांगायचं ते हे की त्या फणसाने फणसोंब्यासकट पुढे वीसेक वर्षं आम्हाला गरे खाऊ घातले. मग तुमच्या आंब्यालाही सोडून द्या असं मी का म्हणत नाही? दोन कारणं. फणसोंबा वर बुंध्यावर होता, तुमची अळंबी अगदी तळाशी, मुळांच्या तोंडावर आहेत. आणि फणसाखाली पोफळी आणि मिरीचे वेल होते, तुमच्या आंब्याखाली माणसं झोपतात.

तळाशी आलेल्या गॅनोडर्माचा धोका असा की तो मुळं खातो, आणि मुळांचा हिशेब पानांत दिसत नाही. पाणी वर चढवायला थोडी मुळं पुरतात, झाड उभं धरायला पुष्कळ लागतात. म्हणून 'पानं हिरवीगार आहेत, आंबे लागले' हा दिलासा अर्धाच आहे. मॉन्सूनमध्ये पडलेली मोठी झाडं आठवा. पुष्कळशी पडली तेव्हा हिरवीच होती. त्यात तुमच्याकडची मांडणी वाईट आहे. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, घर पूर्वेला, आणि अळंबी पश्चिम बाजूला. वारा झाडाला घराकडे ढकलतो तेव्हा त्याला मागे खेचून धरतात ती नेमकी पश्चिमेची मुळं. तुमचे दीर चुकीच्या कारणाने घाबरलेत, पण उगाच घाबरलेले नाहीत.

आता ती जाता जाता लिहिलेली ओळ. पाच वर्षांपूर्वीचे पेव्हर आणि पार. माझ्या मते सगळं पत्र त्या एका ओळीत आहे. पेव्हर बसवताना जमीन वीत-दीड वीत खणतात, धुम्मस करतात, वर बारीक खडी. आपल्या जांभ्या दगडाच्या जमिनीत मुळं खोल जात नाहीत, आडवी पसरतात. बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांत असतात. तेव्हा खणताना मनगटाएवढी चार मुळं तुटली असतील तर गड्याने ती बाजूला टाकली असतील आणि कुणाला आज आठवणारही नाही. मग पार. पार दिसायला देखणा, पण आत माती भरली की बुंध्याची साल गळ्यापर्यंत ओल्या मातीत बुडते. मुळांच्या सालीला ओल सोसते, बुंध्याच्या सालीला सोसत नाही. ती कुजते, आणि दार उघडं पडतं. बीजं हवेत कायमच असतात, त्यांना दार लागतं. हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही. झाडाची शोभा वाढवायला म्हणून पार बांधणारी घरं मी गावोगाव बघितली आहेत, सावंतवाडीपासून काणकोणापर्यंत.

म्हणून पहिलं खरं काम पारातलं. पावसाने दोन दिवस उघडीप दिली की पश्चिम बाजूचे चिरे काढा आणि आतली माती हाताने आणि खुरप्याने उपसा. कुदळ, पिकास नको, जेसीबीचं नावही नको. बुंधा जिथे मुळांकडे फाकत जातो तो भाग उघडा दिसेपर्यंत माती काढायची. मग जुन्या छत्रीची काडी किंवा सायकलची तार घ्या आणि प्रत्येक जाड मुळाच्या बुडाशी दाबून बघा. शाबूत लाकडात ती नखभरही जात नाही. कुजलेल्यात सांदणात जावी तशी जाते, आणि बाहेर येते तेव्हा टोकाला पांढुरके, ओलसर धागे असतात. कपडे धुवायच्या धोपाटण्याने गुडघ्याच्या उंचीवर बुंध्याला सगळीकडून ठोका. भरीव लाकूड ठक् करतं, पोकळ जागा ढोलासारखी बोलते. जिथे आवाज बदलेल तिथे खडूने खूण करा. अळंब्यांच्या शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, म्हणजे पुढच्या महिन्यात वाढ मोजता येईल. जोराचा वारा असेल तेव्हा घराच्या सुरक्षित बाजूने झाडाकडे बघा. सगळे शेंड्याकडे बघतात, तुम्ही बुडाकडे बघा. पश्चिमेचे पेव्हर उचलले जातायत का, मातीला नवी भेग पडते का. ती दिसली तर पत्राची, माझी, कुणाचीच वाट न बघता खोल्या रिकाम्या करा आणि अग्निशमन दलाला फोन करा. वीजवाहिनी जवळ असेल तर वीज खात्यालाही.

हे सगळं बघायला जाणता माणूस मिळाला तर उत्तम. तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात जा, किंवा जुन्या गोव्यात एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथे नमुना दाखवा. अळंब्याचा तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून न्या. प्लास्टिकच्या पिशवीत तो घाम फुटून सडतो आणि मग कुणालाच काही ओळखू येत नाही.

तुमचा दुसरा समज असा की रस्ते दोनच आहेत, तोडायचा किंवा ठेवायचा. मधे बरंच काही आहे. मुळं बहुतांशी शाबूत निघाली तर मी झाड ठेवीन, पार काढून टाकीन, बुंध्याभोवती निदान आठ-दहा फुटांपर्यंतचे पेव्हर उचलून तिथे पाचोळा पसरीन, बुंध्याला न टेकवता. आणि घराकडे झुकलेल्या लांब फांद्यांची टोकं उतरवून घेईन. टोकाचे सहा-आठ फूट कमी झाले तरी वाऱ्याची ओढ पुष्कळ कमी होते. एकूण पानांच्या चौथ्या हिश्शाहून जास्त काढू नये, आणि शेंडा उडवू नये. शेंडा उडवलेलं झाड दोन वर्षांत झाडूसारखं फुटतं आणि ते फुटवे पहिल्या वादळात गळतात. फांदी कापताना बुडाशी जी फुगीर वळी असते तिच्या बाहेर कापायची. आधी खालून अर्धा छेद, मग थोडं पुढे वरून, फांदी पडली की उरलेला खुंट शेवटी. म्हणजे साल बुंध्यापर्यंत सोलत जात नाही. तो अळंबी आलेला जुना खुंटही याच हाताने साफ होईल. जखमेला रंग, डांबर काही लावू नका. एरवी पावसात छाटणी टाळावी, दिवाळीनंतर करावी, कारण पावसाळी हवेत बीजं फार. पण खोलीवर आलेली फांदी असेल तर हा नियम मी बाजूला ठेवीन. पुढच्या मोसमात आंबे कमी येतील, ते आत्ताच घरात सांगून ठेवा, म्हणजे मे महिन्यात बोल लागणार नाही.

मुळं अर्धीमुर्धी गेलेली निघाली तर? घेराच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त भागात काडी आत जात असेल, किंवा पश्चिमेची दोन-तीन मुख्य मुळं पोकळ निघाली, तर मी तोडा म्हणेन. जुने आंबे खोल छाटून पुन्हा फुटवतात हे खरं, कोकणात बागायतदार करतात. पण त्याला मुळांत दम लागतो, आणि इथे नेमका तोच गेलेला असेल.

तोडायचं ठरलं तरी चतुर्थीआधी घाईघाईने, दिरांच्या ओळखीच्या माणसाकडून नको. आपल्याकडे १९८४ चा गोवा, दमण आणि दीव वृक्षसंरक्षण कायदा आहे. झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. शेजाऱ्यांचंही त्यातून समाधान होईल. धोकादायक झाडाबद्दल उपजिल्हाधिकाऱ्यांकडेही लेखी कळवता येतं. शेजाऱ्यांना सांगा की तुम्ही अर्ज करणार आहात आणि त्यांनीही सही करावी. 'भरपाई तुमची' म्हणणारा माणूस सहीला बोलावलं की बराच मवाळ होतो.

सासरे आणि कौल. इथे मी जरा जपून लिहिते, कारण माझ्या घरातही अडलेल्या गोष्टींना प्रसाद लावतात आणि मीही पाकळी कुठे पडते ते श्वास रोखून बघते. पण देवाला प्रश्न कोणता विचारला होता? 'झाड राखू का' असाच ना? 'पश्चिमेची मुळं शाबूत आहेत का' हा प्रश्न छत्रीच्या काडीला विचारायचा, देवाला नव्हे. कौल झाडाच्या बाजूने लागला म्हणजे झाडाची नीट तपासणी करू नका असा त्याचा अर्थ होत नाही. उलट तुम्ही सासऱ्यांना म्हणा, 'देवाने राखायला सांगितलंय, तर राखण्यासाठी आधी पार काढूया.' माती उपसताना त्यांना खुर्ची टाकून समोर बसवा. काडी त्यांच्याच हातात द्या. त्या झाडाखाली ते लहानाचे मोठे झाले, निकाल त्यांच्या हाताला कळू दे. तुम्ही सांगितलेला निकाल आणि स्वतःच्या बोटांना कळलेला निकाल यांत फरक पडतो.

आणि मला असं वाटतं, चुकत असेन तर सांगा, की सासऱ्यांना लाकूड वाचवायचं नाहीये. त्या आंब्याची चव वाचवायची आहे. मानकुरादचं नाव पोर्तुगीज 'मालकोराद' वरून आलं म्हणतात, म्हणजे रंग धड नसलेला. रंग नसेल, पण प्रत्येक घराच्या मानकुरादची चव वेगळी असते आणि प्रत्येक म्हातारा आपलाच खरा म्हणतो. ती चव वाचवायला झाड वाचावंच लागतं असं नाही. आत्ता, याच पावसात, वरच्या निरोगी फांदीच्या तीन-चार महिन्यांच्या, पेन्सिलएवढ्या जाड काड्या जवळच्या नर्सरीत नेऊन रोपांवर कलमं बांधून घ्या. दमट हवा कलमाला मानवते. चार-पाच तरी बांधा, सगळी जगत नाहीत. कोय रुजवून मात्र चालणार नाही, कोयीतून येणारं झाड आईसारखंच निघेल याची खात्री नसते. कलम चौथ्या-पाचव्या वर्षी फळं धरतं. झाड राहिलं तरी कलमं वाया जात नाहीत, आणि तोडायची वेळ आली तर सासऱ्यांच्या हातात कुऱ्हाडीची बातमी जायच्या आधी रोप गेलेलं असेल. लावताना त्या जुन्या जागेवर लावू नका, कुजकी मुळं मातीत वर्षानुवर्षं राहतात. अंगणाच्या दुसऱ्या कडेला, घरापासून लांब.

दिरांशी बोलताना 'तुम्हाला गाडी लावायला जागा हवी आहे' असलं काही बोलू नका, मनात असलं तरी. त्यांना उपसलेल्या मुळांचे आणि नाणं ठेवलेल्या अळंब्यांचे फोटो पाठवा आणि विचारा, 'परवानगीचा अर्ज तुम्ही टाकाल का?' त्यांनी अर्ज घेतला की ते झाडाच्या बाजूला येतात की विरुद्ध, हे आपोआप कळेल. आणि सगळा निर्णय तुमच्या एकटीच्या डोक्यावर आहे हा तिसरा समज तिथेच थोडा हलका होईल. नवरा बोटीवर असला तरी व्हॉट्सअ‍ॅप बोटीवर चालतं.

अशाच पत्रांतून इतरांनीही विचारलंय म्हणून थोडं. माडाच्या बुंध्यातून तळाशी तांबूस-तपकिरी पाणी झिरपत असेल आणि खालच्या झावळ्या लोंबत असतील तर तोही गॅनोडर्मा असू शकतो, पण बुंध्याला पाणी सुटणारा दुसराही रोग आहे. पाडेली वर चढण्याआधी कृषी कार्यालयात दाखवा, कमकुवत माडावर माणूस चढवू नये. रोगट माडाचं पाणी शेजारच्या माडाच्या अळ्यात जाऊ देऊ नका. पोफळीवर पावसाआधी मारतात ते मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगावर उपयोगी, बुंधा कुजवणाऱ्या अळंब्यांवर त्याचा काडीचा उपयोग नाही. दुकानदार काहीही म्हणो. काजू किंवा फणसाच्या फांद्यांवर पावसात गुलाबी पापुद्रा चढला तर फांदी त्याच्या बरीच खाली कापा, जाळा आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा. तिथे ती खरंच कामाला येते.

राहिला तुमच्या मुलाचा प्रश्न. नाही, ही भाजीची अळमी नव्हेत. आपण पानाच्या पुड्यातून विकत घेतो ती रोयणीची अळमी वाळवीच्या वारुळात, जमिनीतून उगवतात. वाळवी आपल्या बागेत त्या बुरशीची शेती करते. गोव्यातले बुरशींचे अभ्यासक डॉ. नंदकुमार कामत यांनी त्यांच्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. झाडाच्या बुंध्यावरचं काहीही घरात शिजवू नका. लसूण काळी पडली तर विषारी, चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत, त्यांच्या भरवशावर माणसं दगावतात. चकचकीत अळंबी बाटलीत पूड करून महाग विकतात हेही तो मोबाईलवर वाचेल. त्याला सांगा की आपलं अळंबं उकळायचं नाही. हवं तर त्याला दुसरं काम द्या: अळंब्याचा ताजा तुकडा छिद्रांची बाजू खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवायचा, वर वाडगा पालथा घालायचा, आणि सकाळी वाडगा उचलायचा. कागदावर तपकिरी ठसा उमटला तर ओळख आणखी पक्की. तो कागद आणि पश्चिमेच्या मुळांचे फोटो मला पाठवा. चतुर्थीची गर्दी उलटली तरी चालेल, खाट मात्र आजच हलवा.